न झिजलेलं रबर

माझा मामा पिनबॉलची यंत्रं दुरुस्त करायचा आणि माणसांवर संशय घ्यायचा. दोन्ही कामं तो सारख्याच मनापासून करी. घराला कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढून बघायचा आणि चौथ्यांदा मामीला ओढायला लावायचा, कारण स्वतःवरही त्याचा फारसा भरवसा नव्हता. माझे बाबा, म्हणजे त्याचे भावोजी, तर यादीत सगळ्यात वर. वीस वर्षांपूर्वी त्याचा एक स्क्रू ड्रायव्हर आमच्या घरी हरवला होता. बाबांचं सलून होतं, आणि वस्तरा चालवण्यात त्यांचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं. मामा मात्र घरीच दाढी करी आणि हनुवटीवर कागदाचे कपटे चिकटवून हिंडे. म्हणायचा, “जो स्क्रू ड्रायव्हर परत देत नाही, त्याच्या हातात मान कशी देऊ?”

सलूनला लागूनच गेम पार्लर होतं. तिथल्या जुन्या पिनबॉलचा डावा फ्लिपर, म्हणजे बटण दाबलं की चेंडू उडवणारी ती बोटभर पट्टी, एकाएकी ढेपाळला. चेंडू निम्म्या उतारावरूनच परत यायचा. मामाने काच सरकवली, फळी उचलली. खाली तारेच्या वेटोळ्यात, म्हणजे कॉइलमध्ये, वरखाली होणारा दट्ट्या झिजला होता, त्याला फ्लिपरशी जोडणाऱ्या जोडपट्टीचं गोल भोक लांबट झालं होतं आणि नळीत काळी पूड साचली होती. त्याने तिन्ही भाग बदलले आणि पार्लरवाल्याला सांगितलं, “आता वर्षभर बघायला नको.”

तीन आठवड्यांत पुन्हा तेच.

“कुठेतरी पाणी मुरतंय,” मामा म्हणाला. पहिला संशय अर्थातच पार्लरवाल्यावर. त्याला नवं यंत्र घ्यायचं असेल, म्हणून हाच रात्रंदिवस बटण दाबत बसत असेल. पण फ्लिपरवरचं रबर बघताना मामा थबकला. खाली लोखंड झिजलेलं, आणि वर डाव्या फ्लिपरचं रबर कोरं करकरीत. चेंडू त्याला जेमतेम शिवलेला. उलट उजव्या रबरावर एकाच जागी खळगा, आणि उजवी कॉइल तापून तापून काळवंडलेली. म्हणजे कोणीतरी उजवं बटण दाबून चेंडू तिथे नुसता अडवून ठेवत होतं, आणि रिकामा डावा फ्लिपर हजारो वेळा हलवत होतं. चेंडू खाली पडत नाही तोवर खेळ संपत नाही. एका नाण्यात तासभर. पण असला बिनचेंडूचा खेळ खेळणार कोण?

मामाने सापळा लावला. डाव्या बटणामागची स्प्रिंगची पत्ती त्याने इतकी ताठ केली की दाबताना त्याचाच अंगठा दुखला. म्हणाला, “बसू दे चोराला बोटं चोळत.” तरी दीड महिन्याने जोडपट्टी गेलीच.

त्याच सुमारास सलूनमध्येही कुजबुज चालली होती. बाबांच्या हातून एका गिऱ्हाइकाच्या मांडीवर कंगवा पडला होता. दुसऱ्याच्या गालाला वस्तरा लागला. बाबांनी हसण्यावारी नेलं, पण दोन जुनी गिऱ्हाइकं पलीकडच्या चौकात जाऊ लागली. आईने विचारलं तर म्हणाले, “लोकांना बदल हवा असतो.” आम्ही ते खरं मानलं, याची मला आजही लाज वाटते.

दुपारी पार्लरवाला जेवायला जाताना किल्ली शेजारी बाबांकडे ठेवायचा. मामाने ही वेळ बरोबर हेरली. त्याने पार्लरवाल्याला गळ घातली आणि एका बंद पडलेल्या यंत्रामागे स्टूल टाकून बसला. चोर रंगेहाथ पकडायचा आणि चारचौघांत उभा करायचा, असं त्याने पक्कं ठरवलं होतं.

आले ते बाबा. मामाला काय आनंद झाला असेल! वीस वर्षांचा संशय खरा ठरत होता. बाबांनी नाणं टाकलं, उजव्या हाताने चेंडू अडवला आणि डावा हात बटणावर ठेवला. तर्जनी शंभर वेळा. मग मधलं बोट. करंगळीच्या वेळी ते दात-ओठ खात होते. मध्येच थांबून त्यांनी त्याच हाताने स्वतःच्या गालाची कातडी ताणून पाहिली, बोटं घसरली, आणि ते पुन्हा एकपासून मोजू लागले. मामाला सगळं कळलं. डाव्या हाताने कातडी ताणली नाही तर उजव्या हातातला वस्तरा कापतो. डाव्या हातातली ताकद गेल्याचं गावभर झालं असतं, तर दुकान गेलं असतं. मामाचा पाय स्टुलावर बधिर झाला, पण बाबा जाईपर्यंत तो हलला नाही.

पार्लरवाल्याने विचारलं, “सापडला का कोणी?”

“कोणी नाही. जोडपट्टी मीच सैल बसवली होती. चूक माझी.” यातली शेवटची दोन वाक्यं मामाच्या तोंडून त्याआधी कोणी ऐकली नव्हती.

त्यानंतर दर आठवड्याला तो जोडपट्टी काढून निरखायचा. तीन महिन्यांनी एका सकाळी तो सलूनमध्ये आला. बाकावर चार माणसं होती, मी बाबांचा डबा घेऊन आले होते. मामा सरळ खुर्चीत बसला.

“भावोजी, दाढी.”

बाबा बघतच राहिले. “आज इकडे कसे, मेव्हणे?”

“घरचं ब्लेड बोथट झालंय.”

बाबांनी साबण लावला. बाकावरच्याने पेपर खाली केला. बाबांची डावी बोटं मामाच्या गालावर टेकली, जरा थरथरली, मग स्थिरावली. मामाने डोळे मिटले नाहीत, तो आरशातून सगळा वेळ टक लावून बघत होता. गळ्यापाशी वस्तरा आल्यावर मात्र त्याने आपणहून हनुवटी वर केली.

एक ओरखडा नाही. टॉवेलने तोंड पुसून तो उठला, तशी बाकावरची दोन माणसं एकदमच खुर्चीकडे सरकली. मामा दारापाशी थांबून हळूच म्हणाला, “डाव्या बटणाची पत्ती उद्यापासून आणखी ताठ करतोय. करंगळी अजून कच्ची आहे. आणि तो स्क्रू ड्रायव्हर शोधा.”

गिऱ्हाईक खुर्चीत बसलं होतं, तरी बाबा पाठमोरे उभे राहून बराच वेळ ब्रश धूत राहिले.