एकवीस बुड्या

शुद्धलेखनाच्या चुका होतील, अक्षरही वाकडं आहे, माफ करावं. चौथीनंतर शाळा सुटली आणि हातात लाटणं आलं. ही वही कोणाला दाखवायची नाही, तरी माफी मागितल्याशिवाय पुढे लिहवत नाही.

मी प्रताप नगरात तीन घरी पोळ्या करत होते. मग दोन्ही तळहातांवर लाल चट्टे उठले, खपल्या पडायला लागल्या. दवाखान्यात म्हणाले, सोरायसिस आहे, लागट नाही, मलम लावा. पण पोळी खाणाऱ्याला हे कोण पटवणार? दोन घरं सुटली. तिसऱ्या घरच्या म्हाताऱ्या बाई तेवढ्या खात राहिल्या.

त्यांच्या वडिलांना असेच चट्टे होते म्हणे. डॉक्टरांनी चिठ्ठीवर समुद्र लिहून दिला. रोज सकाळी अनशापोटी एकवीस बुड्या. सगळं घर महिनाभर किनाऱ्यावर खोली घेऊन राहिलं.

"समुद्रावर सुट्टीला जाणं ही नंतरची मौज," बाई म्हणाल्या. "आधी ते औषध होतं. लोक खोकत जायचे आणि काळे होऊन यायचे."

त्या दिवसापासून माझं चित्त थाऱ्यावर राहीना. भाजी चिरताना बोट कापलं. मी समुद्र कधी पाहिला नव्हता, आणि नागपूरहून कुठेही निघा, तो लांबच.

आमच्या बचत गटात कर्ज घेणारीनं उभं राहून सगळ्यांसमोर कारण सांगायचं, मग ते वहीत चढतं. मी उभी राहिले आणि तोंडातून निघालं, "शिलाई मशीन." आंघोळीसाठी कर्ज हवं, असं इतक्या बायांपुढे कसं म्हणावं?

कर्ज मिळालं. पुरीच्या गाडीत सगळे जगन्नाथाच्या दर्शनाला चाललेले. आम्ही बौद्ध. कोणी विचारलं की नवरा म्हणायचा, "आम्ही पाण्याले चाललो." मी खिडकीकडे तोंड करायची.

पहिल्या लाटेनं भेगांत मीठ शिरलं आणि मी ओरडून मागे पळाले. तिथे टोकदार टोप्या घातलेले कोळी लोकांना हाताला धरून लाटेत नेतात, पिढ्यान्‌पिढ्या त्यांचं तेच काम. एका म्हाताऱ्यानं माझा चट्ट्यांचा हात तळव्याला तळवा लावून घट्ट धरला. दोन वर्षांत माझा हात असा कोणी धरला नव्हता.

नवरा वाळूतून मोजत होता. "सतरा झाल्या! थांबू नको वं! इतके पैसे घालून आलो, चार काहून सोडते?"

पाच दिवस तेच. घरी आले तर चट्टे फिके होते. मीठ, ऊन की मलम, कशानं ते मला माहीत नाही. सुटलेल्यांपैकी एका घरानं परत बोलावलं. पण गटाच्या बैठकीत मी मागे, दाराशी बसायला लागले.

एकदा अध्यक्षबाई म्हणाल्या, "मशीन घेऊन इतके दिवस झाले. माहा ब्लाउज कधी शिवून देते वं?"

मी उभी राहिले. मान खाली घालून सगळं सांगून टाकलं.

"आंघोळीले कर्ज!" एकजण हसली. "आमचा नळ काय वाईट होता?"

अध्यक्षबाई हसल्या नाहीत. नियम म्हणजे नियम: खोटं कारण दिलं, तर उरलेली रक्कम तीन महिन्यांत भरायची. चपला घालताना मात्र तीच हसणारी जवळ आली. हळूच गुडघा दाखवून म्हणाली, "याले फरक पडन का वं?"

मी लग्नाच्या कंत्राटदाराकडे पोळ्यांचं काम धरलं. पहाटे चारला उठायचं, रोज दिव्याच्या उजेडात आधी तळहात पाहायचे. थंडीत एका बोटाशी चट्टा परत उठला. मी मलम लावलं आणि लाटत राहिले.

कालच्या बैठकीत शेवटचे सातशे रुपये दिले. अध्यक्षबाईंनी नोटा माझ्या हातातून घेतल्या, दोनदा मोजल्या आणि माझी सही घेतली. आता गटाचं माझ्याकडे काही निघत नाही.