हिराभाऊचं विरजण

वहिनींचा फोन सकाळी आला. "ताई, हे गेले..." एवढंच त्या बोलल्या. आदल्याच आठवड्यात मी खांडबाऱ्याहून नंदुरबारला हिराभाऊकडे दोन दिवस राहून आले होते. निघायच्या आदल्या संध्याकाळी तो ओट्याशी उभा होता, दुधात करंगळी बुडवून. मी म्हटलं, "आरे, ऐंशी वरीस व्हयनात तुले. विरजन तरी वहिनीले लावू दे." माझ्याकडे न बघताच तो म्हणाला, "तू लांबच ऱ्हाय. तुन्हा हातना काही भरोसा नही." माझा हा थोरला भाऊ जन्मभर मला या एकाच गोष्टीवरून चिडवत आला आणि मीही वेड्यासारखी दर वेळी चिडत आले.

गोष्ट साठ सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. आम्ही तेव्हा कोरीटला राहत होतो. कॉलेजात असताना हिराभाऊ कुठल्याशा शिबिराला गेला आणि शेणापासून गॅस करण्याचं खूळ डोक्यात घेऊन परतला. हिवाळाभर खपून त्याने गोठ्यामागे विटांचा खड्डा बांधला, त्यावर लोखंडी टाकी पालथी घातली, आणि गोठ्यातलं शेण-मूत वाया जाऊ नये म्हणून थेट खड्ड्यापर्यंत नाली काढली. गॅस धरावा म्हणून दुसऱ्या गावच्या गॅसच्या खड्ड्यातला दोन बादल्या राडा बैलगाडीतून आणून ओतला. त्याला तो विरजण म्हणायचा आणि लोक पोट धरून हसायचे. होळीच्या सुमारास मायच्या शेगडीवर निळी ज्योत पेटली, तेव्हा मात्र हसणारेच बघायला रांगेत उभे होते. इंटर सायन्सची परीक्षा देऊन आल्यावर तो म्हणाला, मला जन्मभर हेच करायचंय. पण त्यासाठी शिकायचं काय, हे कुणालाच सांगता येईना. एक सर म्हणाले यंत्रांचं शीक, दुसरे म्हणाले शेतकी, तिसरे म्हणाले रसायन. आमच्या वडिलांना, आबांना, तर तो तापीवरच्या धरणाचा इंजिनिअर होऊन सरकारी जीपमधून घरी आलेला बघायचा होता. "ज्या कामनी शाळा सापडत नही, ते काम करानं कसाले?" ते म्हणाले. शेवटी त्यांनीच पैज लावली. "आखाजीनं पुरण तुन्हा गॅसवर शिजनं, तं तुले जे शिकनं शे ते शिक. नही शिजनं, तं गुपचूप इंजिनिअर व्हवाले पुनाले जाय."

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमच्याकडचा मोठा सण. पितरांची घागर भरायची, पुरणाचे मांडे करायचे, त्याआधी घर घासूनपुसून लख्ख करायचं. मी तेव्हा आठवीत होते आणि शाळेतला आरोग्याचा धडा माझ्या अंगात भिनला होता. मी आबांच्या मागे भुणभुण लावून नंदुरबारहून फिनाईलच्या दोन बाटल्या आणवल्या. सणाला चार दिवस असताना दोन्ही बाटल्या गोठ्यात रिकाम्या केल्या आणि खराट्याने खसाखसा घासलं. सगळं पाणी नालीतून कुठे गेलं, याचा विचार माझ्या मनाला शिवला नाही. दुसऱ्या दिवसापासून गॅसने वर उचललेली टाकी खाली बसायला लागली. आखाजीला शेगडी फुरफुर करून विझली आणि पुरण चुलीवर गेलं. जेवताना आबा म्हणाले, "व्हई गया ना तुन्हा खेळ? आते पुनानी तयारी कर." हिराभाऊच्या पुढचा मांडा तसाच राहिला, आणि मला फार वाईट वाटलं.

दुपारी स्वयंपाकघरात तो मायला म्हणत होता, टाकीला कुठे भोक नाही, शेण तेच, ऊन कडक, मग झालं काय? मी भीत भीत म्हणाले, "भाऊ, मी गोठामा फिनाईल टाकेल व्हतं." माय ताक घुसळत होती. तिने रवी थांबवली. "विरजनमा फिनाईल टाकशी तं दही लागी का, पोरी?" आता हा मला मारतो, असं वाटलं. तो मात्र ताकाच्या मडक्याकडे बघतच राहिला. "माय, म्हंजे खड्डामा काहीतरी जित्तं शे! मी नुसता विरजन म्हनू, पन ते खरंच विरजन शे." त्या क्षणी त्याला आपली शाळा सापडली. यंत्र नाही, शेतकी नाही... डोळ्यांना न दिसणारे ते जीव शिकायचे. पण पैज तर तो हरला होता आणि शब्द मोडणारा नव्हता. म्हणून मीच ओसरीवर जाऊन आबांना सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "ते फिनाईल कोनी लयेल व्हतं?" मी म्हणाले, "तुम्हीच, आबा." आबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं. "म्हंजे मीच हारनू," ते म्हणाले. जून महिन्यात ते स्वतः त्याला बडोद्याच्या गाडीत बसवून आले. तिथे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतात, हे त्याने पत्रं लिहून लिहून शोधलं होतं.

पुढे तीसेक वर्षं तो गावोगाव हिंडून गॅसचे खड्डे सुरू करून देत राहिला. प्रत्येक गावात आधी फिनाईलची गोष्ट सांगायचा, माझ्या नावासकट. कुठल्याही लग्नात कुणीतरी अनोळखी बाई मला विचारायचीच, "त्या तुम्हीच का?"

दहाव्याला गेले तेव्हा वहिनींनी फ्रिजमधून एक वाटी काढली. त्याने स्वतः लावलेलं शेवटचं दही होतं ते, आंबट झालेलं. त्यांना ते टाकवत नव्हतं आणि खाववतही नव्हतं. मी चमचाभर डब्यात घालून खांडबाऱ्याला घेऊन आले. तेव्हापासून रोज संध्याकाळी दूध कोमट करते, करंगळी बुडवून बघते आणि त्याच दह्याचं विरजण लावते. त्याआधी हात दोनदा धुते, नुसत्या पाण्याने. साबणसुद्धा लावत नाही. सकाळी झाकण काढलं की तोंडातून निघून जातं, "भाऊ, लागनं रे दही... मन्हा हातनं."