चांगला हुक कुठला?

आमच्या वर्कशॉपमधलं भंगार महिन्यातून एकदा टेम्पोत भरून जातं. किस्से मात्र कुणी उचलून नेत नाही! ते तिथंच साचत राहतात आणि चहाच्या वेळेला एकेक करून बाहेर निघतात. सहा वर्षांत माझ्याकडे इतके जमलेत, की कुठला आधी सांगावा याचाच गोंधळ होतो. तसा माझा गोंधळ सगळ्याच बाबतीत होतो म्हणा.

वर्कशॉप कुपवाडच्या एमआयडीसीत आहे, भूपालअण्णांचं. मी तिथं ड्रॉइंग काढते. कराडला मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, त्यामुळे सगळे मला 'मॅडम' म्हणतात. दस्तगीरचाचा तेवढे 'पोरी' म्हणतात. ते आमचे वेल्डर, अण्णांच्याही वडिलांच्या वेळचे.

आम्ही बनवतो ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायचा तुकडा. गिऱ्हाईक त्याला सरसकट हुक म्हणतं. त्यात तीन जाती. पहिला पिनेचा. ट्रॅक्टरच्या मागं लोखंडी जबडा असतो, त्यात ट्रॉलीच्या दांडीचं भोक घालायचं आणि वरून जाड पिन सोडायची. दुसरा कड्याचा. ट्रॉलीला कडं, ट्रॅक्टरला आकडा आणि वर झडप. तिसरा गोळ्याचा. गाडीला गुळगुळीत लोखंडी गोळा, ट्रेलरला पालथी वाटी. वाटी गोळ्यावर बसवायची आणि खटका लावायचा.

"यातला चांगला कुठला?" हे मला रोज कुणीतरी विचारतं. मला माहीत नाही! आधी हसून वेळ मारून नेता यायची. पण यंदा आमच्या गावाला पुरासाठी नाव मिळाली आणि तिच्या ट्रेलरचा हुक नेमका माझ्या गळ्यात पडला. त्या गावात, कृष्णेच्या अगदी काठाला, माझी आई एकटी राहते. पायरीला पाणी लागल्याशिवाय घर सोडायचं नाही असा तिचा हट्ट आहे, आणि पाणी पायरीला लागेपर्यंत ओढ्यावरचा रस्ता बुडालेला असतो. म्हणजे नाव जागेवरून हलली तरच आई बाहेर.

*

मी नोकरीला लागले त्या दिवशीच अण्णांनी तिन्ही हुक टेबलावर मांडले. "मॅडम, यातला चांगला कुठला?"

मी म्हटलं, "सर, ते लोडवर अवलंबून आहे. रस्त्यावर अवलंबून आहे. वळणाचा अँगल..."

कोपऱ्यातून चाचांनी वेल्डिंगची काच वर केली. "म्हंजे ठावं न्हाई!"

अण्णांना ते उत्तर फारच पटलं. त्यांनी मला एक तक्ता करायला सांगितला. तिन्ही हुकांची तुलना, भिंतीवर लावायची, म्हणजे गिऱ्हाइकानं येऊन डोकं खायला नको. मी ताकद, आवाज, जोडायला लागणारा वेळ, झीज असे रकाने पाडले. शेवटचा रकाना अण्णांनी स्वतः घातला, 'चांगला कुठला'.

तक्ता भिंतीवर आहे. शेवटचा रकाना कोरा आहे. गिऱ्हाईक आलं की बरोब्बर त्याच रकान्यावर बोट ठेवतं!

*

ऊस तोडणीच्या दिवसांत पलूसकडचा एक ट्रॅक्टरवाला तणतणत आला. दोन ट्रॉल्या ऊस भरून निघाला होता, कारखान्याच्या वजनकाट्यावर पोचला तेव्हा मागं एकच ट्रॉली!

"तुमचा हुक बोगस हाय!"

अण्णांचा चेहरा पडला. आमच्या हुकाची ट्रॉली रस्त्यात सुटली म्हणजे धंदाच बुडाला. मी घाबरत विचारलं, "ट्रॉली सुटल्याचं कळलं नाही तुम्हाला?"

"कसं कळंल? टेप चालू हुता की!"

त्याच्या ट्रॅक्टरवरचे स्पीकर मी बाहेर जाऊन बघितले. मागं ट्रॉली काय, अख्खा कारखाना कोसळला असता तरी त्याला कळलं नसतं. ट्रॉली मात्र सरळ रस्त्यावर सुटून कडेच्या शेतात जाऊन शहाण्यासारखी उभी होती. कुणाला काही झालं नव्हतं.

चाचा चौकशीला बसले. "हुक तुटला?"

"न्हाई."

"पिन तुटली?"

"न्हाई."

"मग पिन उडाली?"

"पिन कशी उडंल? घातली हुती कुठं? स्क्रू ड्रायव्हर घातला हुता."

"आन् पिन?"

"पिन घरात हाय, चाचा. नवीकोरी हाय. हरवंल म्हणून कपाटात ठिवलीया!"

मी तक्त्यात पिनेच्या हुकासमोर 'भरवशाचा' लिहिलं होतं. त्यापुढं पेन्सिलीनं 'पिन असेल तर' असं लिहिलं.

*

साताऱ्याकडचे एक रिटायर्ड सुभेदार आले. ताठ चाल, मिशीला पीळ. त्यांना कड्याचाच हुक हवा होता. बाकीचे दोन त्यांनी हातातही घेतले नाहीत.

"आम्ही ह्याच्यावर तोफा ओढल्यात! डोंगरात, बर्फात! ये सबसे मजबूत हाय!"

"आता काय ओढायचंय?" मी विचारलं.

"कडबा."

कडब्याला तोफेचा हुक कशाला, हे विचारायची आमची टाप नव्हती. चाचांनी दणकट आकडा करून दिला. सुभेदारसाहेबांनी झडप पाच वेळा उघडून बंद केली आणि खूश होऊन गेले. मलाही वाटलं, चला, निदान एका माणसाला तरी उत्तर सापडलं! रकान्यात लिहून टाकावं.

महिन्याभरात ते परत आले. मिशीचा पीळ जरा सैल झाला होता.

"मॅडम, आवाज लय येतो. कडं आकड्यात निस्तं खडाखडा वाजतंय. गल्लीतली कुत्री मागं लागत्यात. आमच्या मंडळी म्हंत्यात, एक तर हुक काढा, न्हाईतर मला माहेरी धाडा!"

आकड्यात कडं सैलच असतं, खडबडीत रस्त्यावर ते हलायलाच हवं, हे मी समजावून सांगितलं. मग राहवलं नाही म्हणून विचारलं, "साहेब, तोफ ओढताना आवाज यायचा नाही?"

सुभेदारांनी सैल मिशीला पीळ दिला. "तिथं तोफाच वाजायच्या, वो. हुकाचा कुणाला ऐकू येतोय!"

*

कराडच्या एका व्यापाऱ्यानं नव्या मोठ्या गाडीला मागं गोळा बसवून मागितला. क्रोमचा, चकचकीत. मी नियमाप्रमाणं विचारलं, "काय ओढणार? वजन किती?"

"ओढायचं कायबी न्हाई."

"मग?"

"मागनं कोण धडाकला तर त्याचं नुकसान व्हावं, आपल्या गाडीचं न्हवं!"

मी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी तक्त्याकडे बघितलं. अशा कामासाठी तक्त्यात रकानाच नव्हता. त्या माणसानं निघायच्या आधी गोळ्याला लिंबू-मिरची बांधली.

आठ दिवसांनी तो लंगडत आला. नडगीवर हे एवढं टेंगूळ!

चाचांनी विचारलं, "काय ओ, धडाकला का कोण?"

"धडाकला की. डिकीतनं पोतं काढायला गेलो आन् पयला मीच धडाकलो!"

गोळा काढायला तयार झाला का? छे! त्याचं म्हणणं, परीक्षा झाली, माल मजबूत आहे.

*

आता नाव.

उन्हाळ्याच्या शेवटी आमच्या गावचे सरपंच, तात्या, मला फोन करून म्हणाले, "शुभे, सरकारी नाव आलीया. ट्रेलर बी हाय संगं. पण ट्रॅक्टरला जोडंना! तू हुकातलीच हायस, बघ जरा."

चाचांना घेऊन गेले. नाव ग्रामपंचायतीच्या आवारात, केशरी, देखणी. ट्रेलरला गोळ्याची वाटी. गावातले सगळे ट्रॅक्टर पिनेचे! मी सांगितलं, वाटी कापू, भोकाची दांडी वेल्ड करू, तासाभराचं काम.

"सरकारी माल कापायचा न्हाई!" तात्या कडाडले. "उद्या तपासणीला साहेब आला तर त्याला कापलेली वाटी दावू व्हय?"

मग ट्रॅक्टरलाच गोळा बसवायचं ठरलं. तात्यांनी परस्पर सांगलीतून गोळा आणला. बसवला. वाटी त्याच्यावर टेकवली, तर ती वरच्या वर बसली. खटका लागेना.

मी मोजलं. वाटी पन्नास मिलिमीटरची. गोळा दोन इंची.

"मग बरोबर हाय की! दोन इंच म्हंजे पन्नासच!"

"तात्या, दोन इंच म्हणजे पन्नास पूर्णांक आठ दशांश."

"आठ दशांश काय?"

"मिलिमीटर."

तात्यांनी बोटाचं नख न्याहाळलं. "एवढ्यासाठी माझी नाव अडलीया?"

मी म्हणत होते की गोळा बदलू. चाचाही म्हणत होते. पण तात्यांनी घण मागवला आणि चार दणके घातले. खाड! वाटी बसली! गावानं टाळ्या वाजवल्या. मला काही बोलायला जागाच उरली नाही, कारण बसली होती ना!

दुसऱ्या दिवशी तात्यांचा फोन. "शुभे, निघंना झालीया!"

बसलेली वाटी कशानंच सुटेना. आणि ट्रॅक्टर तर तात्यांचा स्वतःचा. चाचांना वेळ मिळेपर्यंत तीन दिवस तात्या शेतात गेले ते नाव घेऊन, डेअरीला दूध घालायला गेले ते नाव घेऊन! आई फोनवर हसून हसून सांगत होती, "काल सोसायटीच्या मीटिंगला बी नावंतनंच आलं हुतं."

मला हसू येत नव्हतं. पावसाळा तोंडावर आला होता. चाचांनी शेवटी तो गोळाच कापून काढला, आणि आम्ही लेथवर बरोबर पन्नासचा गोळा करायला घेतला. खाली जाड प्लेट, चार बोल्ट. तात्यांना सांगितलं, आठवड्याभरात देते.

*

तो आठवडा पुरा झालाच नाही. धरणातून पाणी सोडलं, वरून पाऊस, आणि कृष्णा एका रात्रीत फुगली. सकाळी सातला तात्यांचा फोन.

"वड्यावर पाणी आलंया! नाव वड्यापतूर न्यायची हाय. दोर बांधून ट्रॅक्टरनं वडली, तर ट्रेलर वाकडा हून पंचायतीच्या फाटकातच अडाकलाय. म्होरं बी जाईना, मागं बी येईना. गोळा घिऊन ये!"

"आई कुठाय?"

"घरातच हाय. म्हंती, पायरीला पाणी लागलं की येती."

आईला फोन लावला. लागेना. परत लावला. बंद.

मी वर्कशॉपला पोचले तेव्हा चाचा आधीच येऊन गोळ्याला शेवटचा हात मारत होते. गरम गोळा पोत्यात गुंडाळला, माझ्या स्कूटीवर मागं चाचा, त्यांच्या मांडीवर पोतं, खिशात बोल्ट आवळायचे पाने. रस्ताभर मी नुसती बडबडत होते. "चाचा, बसेल ना? पन्नासच केलाय ना? वाटी झिजली असली तर? पिनेचाच करायला हवा होता का? सरकारी माल कापून टाकला असता तर?"

"पोरी," चाचा मागून म्हणाले, "तू निस्ती गाडी चालीव."

खरं सांगते, मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. माझ्या आठ दशांशामुळं आई बुडते की काय, असंच डोक्यात फिरत होतं.

ओढ्याच्या अलीकडं माळावर पोचलो. समोर रस्ता नव्हताच, सगळं तांबडं पाणी. अलीकडं आधी बाहेर निघालेली माणसं उभी होती. मी पोतं उघडून गोळा दोन्ही हातांत घेतला आणि पाण्याच्या कडेला जाऊन उभी राहिले. पलीकडं कसा न्यायचा? नाव आणायला गोळा हवा, आणि गोळा पलीकडं न्यायला नाव हवी! चाचांकडे बघितलं तर तेही माझ्याकडेच बघत होते.

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "आली! आली!"

केशरी नाव, गावाच्या बाजूनं, सरळ आमच्याकडे येत होती. पुढं तात्या वल्हं हाणत होते. लांबूनच त्यांनी आरोळी ठोकली, "शुभे! पंचायतीत पाणी शिरलं! आमी फाटकाशी झटत बसलो आन् नाव आपली आपणच उठली! ट्रेलर ऱ्हायला तिथंच!"

आणि तात्यांच्या मागं, केशरी जॅकेट घालून, मांडीवर गाठोडं घेऊन, आई.

मला रडूच फुटलं. हातातलं लोखंड छातीशी तसंच धरून मी रडत होते. नाव हेलकावत काठाला लागली. आई उभी राहिली, पुन्हा बसली, पुन्हा उभी राहिली. पाऊल टाकायला धजेना. मग तिनं माझ्याकडे नीट बघितलं.

"काय गं ते?"

"गोळा," मी हुंदके देत म्हटलं. "पन्नासचा. दोन इंची बसत नव्हता, आठ दशांश जास्त होता. आणि पिनेचा केला असता तर वाटी कापायला लागली असती, म्हणून..."

"बरं, बरं," आई म्हणाली. "ते ठिव खाली. आन् हात धर माझा."