दादाचं नाक

आमच्या फर्निचर-पॉलिशच्या कारखान्यात दादाच्या नाकाला जेवढा भाव होता, तेवढा माझ्या अख्ख्या देहाला नव्हता. आम्ही सख्खे भाऊ, एकाच दिवशी कामाला लागलेलो. पण थिनरचा नवा डबा आला की मालक हाक मारायचे दादालाच. तो झाकण उघडून हुंगायचा, काचेच्या तुकड्यावर एक थेंब टाकायचा, पुन्हा हुंगायचा आणि सांगायचा, "चालेल" किंवा "परत पाठवा." घट्ट लॅकर थिनरनेच पातळ होतं, जुनं पॉलिश त्यानेच निघतं, पण त्यात भेसळ असली तर लॅकर वाळतच नाही. देवाने मलाही नाक दिलं होतं, पण ते मुरडण्यापुरतं.

मालकांनी दुसरा कारखाना काढला आणि तिथे मुकादम नेमायची वेळ आली, तेव्हा माझा जळफळाट आवरेना. थिनरच्या आधी मीच पेट घेतला असता. एका ताज्या डब्यात मी गुपचूप थोडं रॉकेल ओतलं. दादाला ते ओळखता आलं नाही, तर मालकांसमोर त्याची शोभा होणार होती आणि मुकादमकी मला मिळणार होती.

दादाने हुंगलं. काच खिडकीशी तिरपी धरली. बराच वेळ थेंब उडेना, मग तेलकट कडं राहिलं.

"रॉकेल आहे. परत पाठवा."

मालकांनी त्याची पाठ थोपटली. त्याच पाठीत मला धपाटा घालावासा वाटला.

दुपारी त्याच्या घरी जेवायला गेलो, तर करपल्याचा वास जिन्यापर्यंत आलेला. वहिनी माहेरी गेली होती. दादा निवांत चप्पल शिवत बसला होता आणि पाठीमागे गॅसवर दुधाचा कोळसा झाला होता. मी धावत जाऊन गॅस बंद केला.

"तुला वास नाही आला?"

"दोन वर्षं झाली, कशाचाच येत नाही. मास्क न लावता हुंगून हुंगून गेलं नाक. आता थेंब वाळताना बघतो. हुंगतो ते लोकांना दाखवायला." मग खाली बघत म्हणाला, "मालकांना सांगशील?"

हेच तर मला हवं होतं. पण तोंडून भलतंच निघालं, "रॉकेल मी ओतलं होतं."

"माहीत आहे. तुझ्या बाहीवर डाग आहे. वेड्या, तसाच विडी ओढायला गेला होतास. थिनरची वाफ खाली साचून राहते, एका ठिणगीत सगळे गेलो असतो. आणि हात थिनरने धुणं बंद कर, कातडी बघ कशी पांढरी पडलीय. उद्यापासून मास्क लाव."

मी मालकांना काही सांगितलं नाही. मुकादम दादाच झाला. मी मास्क लावून काम करतो आणि अजूनही त्याच्यावर जळतो. पण आता त्याच्या नाकावर नाही.