गुंतवळ घेणाऱ्या मावशीनं विचारलेला प्रश्न

मैत्रिणींनो, आज बोलायचंही त्राण नाही, तरी लिहिते.

डेंग्यूतून उठून अडीच महिने झाले. कंगवा फिरवला की मूठभर केस हातात येतात. आमच्या लोहा गावात मला सल्ला न दिलेलं माणूस आता उरलं नसेल. कांद्याचा रस लावला, तीन तेलं बदलली. चोळून चोळून हात दुखायला लागले.

आज सकाळी केसांवर भांडी देणारी मावशी गल्लीत आली. एरवी वर्षभरात जमते तेवढी गुंतवळ या महिन्यातच जमली होती. मावशीनं गुंतवळीची पिशवी हातात तोलली आणि माझ्याकडे बघितलं.

"ताई, मधी ताप आल्ता का?"

"हाव, डेंग्यू."

"मंग त्याचेच हायेत हे. तापानंतर दोन-तीन महिन्यानं गळतेत, लई बायांचे बघितले. येतेत परत. पोटभर जेवत जा."

दुपारी डॉक्टरांना विचारलं, तेही हेच म्हणाले.

माझे केस गळण्यावर जिचा धंदा, तिनंच तेवढं विचारलं. आपण सगळ्याजणी तेलाचं नाव आधी का सांगतो? मीही सांगत आले आहे.

पिशवीच्या बदल्यात मावशीनं मोठा स्टीलचा डबा दिला. जाताना म्हणाली, "पुढच्या खेपेला एवढा मोठा मिळणार न्हाई बघा."