डाव्या शॉकअपमधले केस

ब्रेक दाबला आणि पुढून सुस्कारा ऐकू आला. माणसाने टाकावा तसा, लांब. भरदुपारी मानपाडा रोडवर ट्रायल मारत होतो, समोर टेम्पो उभा. गाडीने मान खाली घातली, पण थांबायचं नाव घेईना. कशीबशी टेम्पोच्या बाजूने काढली आणि कडेला लावली. इतकी वर्षं गॅरेज चालवतोय, पण खरं सांगतो, घाबरलेलो.

मोटरसायकल तुषारची. कल्याणला बँकेत नोकरी, राहायला आमच्या डोंबिवलीतच. सकाळी गाडी सोडताना म्हणालेला, "काका, डाव्या शॉकअपचं सील सारखं जातंय. ऑफिसजवळ दोनदा बदललं. अमावास्या झाली की परत गळायला लागतं."

"अरे, सीलला कुठलं आलंय पंचांग?"

तो हसला नाही. "ऑफिसच्या वाटेवर पुलाच्या उतारावर ब्रेक मारला की पुढून कोणीतरी सुस्कारा टाकतं. दादा तिथेच गेला ना."

दादा म्हणजे त्याचा मोठा भाऊ. दोन वर्षांपूर्वी त्याच उतारावर ब्रेक मारताना घसरला आणि मागच्या डंपरखाली आला. त्याची गाडी तेव्हाच भंगारात गेली. ही तुषारची वेगळी. "आई म्हणते, तो मला बोलावतोय. ती रात्ररात्र झोपत नाही, काका."

मी त्याला चहा पाजून ऑफिसला पिटाळलं. आता तोच सुस्कारा माझ्या कानात होता.

वाकून बघितलं. शॉकअप म्हणजे पुढच्या चाकाचे दोन पाय. चकचकीत पाइप खालच्या नळकांड्यात वर-खाली होतो, आत ऑइल असतं, म्हणून खड्डा मनगटाला बसत नाही. ऑइल बाहेर येऊ नये म्हणून तोंडाशी रबराचं सील. याचं सील फाटून ऑइल खाली ब्रेकच्या डिस्कवर ओघळलेलं. तेलकट डिस्कवर ब्रेक काय डोंबल धरणार? ऑइल कमी झालं की आत हवा शिरते, तोच सुस्कारा. एवढं समजलं तेव्हा जरा बरं वाटलं. पण नीट बसवलेलं सील वर्षानुवर्षं चालतं. याचं महिनाभर का टिकत नव्हतं?

गाडी ढकलत गॅरेजला आणली. पाइप वाकलेला नव्हता. गंज नाही, नखाला लागेल असा ओरखडा नाही. मग धूळ अडवायचं वरचं रबर उचकटलं, तर आतून काळं काहीतरी लोंबलं. चिमट्याने ओढलं. ते येतच राहिलं. ऑइलने निथळणारे, बारीक, लांब काळे केस.

चिमटा ठेवून मी बाहेर जाऊन उभा राहिलो. रस्त्यावर माणसं होती, म्हणून बरं.

परत आलो, ते उन्हात धरले, पुसले. एका टोकाला गाठ होती. केसांना अशी गाठ कोण मारणार? थोडे कापून पेटवले. केस जळल्याचा वास सगळ्यांना ठाऊक असतो. हा वास वातीचा होता.

तुषारला फोन लावला. "गाडीला काळा दोरा कोण बांधतं रे?"

"आई अमावास्येला खाली पार्किंगमध्ये जाते. दृष्ट काढायला. पण दोरा मला कधी दिसला नाही."

दिसणार कसा? पाइपवर बांधला की एक-दोन ब्रेकमध्ये सील तो आत ओढून घेणार. आत पिंजून पिंजून तो सील कापणार. तो म्हणाला, पार्किंगमध्ये गाडीच्या उजव्या बाजूला भिंत आहे. म्हणून बाईंचा हात डावीकडेच पोचायचा.

संध्याकाळी तो आईला घेऊन आला. फाटलेलं सील मी त्यांच्या हातात दिलं आणि समजावलं. भूत नाही, दोरा आहे, आता घोर लावून घेऊ नका. मला वाटलं, त्यांना हायसं वाटेल.

काकू त्या सीलवरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "मोठ्याच्या गाडीलाही मीच बांधायचे. इथेच."

तुषारने मान फिरवली.

"त्याचाही ब्रेक लागला नसेल का हो?"

"ती गाडी मी बघितलेली नाही, काकू. उतारावर खडी असते, ओल असते. आता कोणीच सांगू शकणार नाही." खोटं त्यात काही नव्हतं. तरी त्यांच्याकडे बघवेना.

त्यांनी पर्समधून काळ्या दोऱ्याची गुंडी काढली. "मग कुठे बांधू?"

"आरशाच्या दांडीला बांधा. तिथे काही होत नाही."

गाठ त्यांच्या हाताने बसेना. मीच बांधली.

मी बसवलेलं नवं सील अजून कोरडं आहे. एकच पार्ट पुन्हा पुन्हा जात असेल तर तो नुसता बदलून देऊ नये, घरी गाडीला कोणाकोणाचा हात लागतो ते विचारावं. मी आता हमखास विचारतो. पण गिऱ्हाईक एकटं असताना.