नारूवरचं एक वाक्य

“हे पोट्टी मंत्र म्हणून राह्यली का काय?”

वाशीमहून अकोल्याला जाणाऱ्या गाडीत, बायकांच्या डब्यात, समोरच्या बाईंनी शेजारणीला विचारले. मी माझा निबंध पुटपुटत होते. दुपारी तो महिला मंडळात वाचायचा होता. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे तो आधी इंग्रजीत लिहून मग मराठीत उतरवला होता.

बाई वाशीमच्या, एका जैन दुकानदाराच्या घरातल्या. पाणी गाळायचे फडके तांब्याच्या तोंडाला बांधलेले होते. अडकित्त्याने सुपारी कातरत त्या म्हणाल्या, “मोठ्यानं म्हण नं! आमी का खातो तुले?”

मी वाचले, “अगालित जलाच्या सेवनाने नारू या व्याधीचा प्रादुर्भाव होत असल्याचे निदर्शनास येते.”

अडकित्ता फक्त ‘नारू’ला थबकला आणि पुन्हा चालू झाला. शेजारीण खिडकीबाहेर पाहू लागली.

“नारू तेवढा समजला,” बाई म्हणाल्या. “माह्या जावेले झाला होता. पायातून दोऱ्यासारखा किडा निघे. पण तू हे कोणाले सांगून राह्यली? साहेबाले का बायकायले?”

सांगायचे बायकांनाच होते, पण माझ्या वाक्यात पाणी पिणारी बाईच नव्हती. बार्शीटाकळी येईपर्यंत मी पेन्सिलीने खोडत राहिले. आता अडकित्ता थांबणार, याची मला खात्री होती. मी मान वर केली आणि त्यांच्याकडे पाहून म्हणाले, “तुम्ही न गाळता पाणी प्यायलात, तर त्या पाण्यातूनच नारू तुमच्या अंगात शिरतो.”